हेवर्ड्स हीथला तुटलेली गाडी

माझी बायको इंग्लंडला भाषण करायला चालली आहे, ही बातमी मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने दिली. मी दूध घेऊन जिना चढत होतो. तो म्हणाला, "साहेब, मॅडम लंडनला चालल्या म्हणं. तुमीपन जानार का?"

"बघू," असं म्हणून मी वर आलो. हेमा मेथी निवडत होती.

"लंडनला चालली आहेस?"

"ईस्टबोर्नला. लंडनच्या खाली, समुद्रकाठी. काल सांगणार होते, पण तुम्ही टीव्हीशी भांडत होतात."

प्रकार असा होता. हेमा शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने आमच्या कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये एक वर्ग काढला. हिंजवडीच्या कंपन्यांत साफसफाईला जाणाऱ्या बायकांना बसची पाटी वाचता यायची नाही, त्या भलत्याच बसमध्ये बसायच्या, खाडा पडायचा. हेमाने त्यांना पाट्या वाचायला शिकवलं. हा वर्ग 'गुडविल क्लब'च्या कर्वेनगर शाखेने आपला उपक्रम म्हणून वर पाठवला, आणि वरच्यांनी तो निवडला. जगभरातल्या गुडविल क्लबांचं अधिवेशन ईस्टबोर्नला होतं आणि त्यात हेमाला दहा मिनिटं बोलायचं होतं. निमंत्रणात शेवटी एक ओळ होती, की प्रतिनिधीला सोबत एक व्यक्ती आणता येईल.

ती व्यक्ती म्हणजे मी. माधव गानू. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उभा जन्म गेला, माझी सही झाल्याशिवाय निकाल लागत नसत. आणि आता 'सोबत एक व्यक्ती'! पाण्याच्या बाटलीसारखी.

मी दोन दिवस "मला काही यायचं नाही" या पवित्र्यात बसलो. कुणी समजूत काढायला आलं नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी पासपोर्ट शोधायला लागलो.

समोरच्या ब्लॉकमधले बापूराव एकदा सिंगापूरला जाऊन आले आहेत. तेव्हापासून भारत सोडून उरलेल्या सगळ्या पृथ्वीविषयी ते अधिकाराने बोलतात. त्यांनी सांगितलं, "एक लक्षात ठेवा, गानू. तिकडे पत्ता विचारायचा नाही. परका माणूस दिसला की पोलिसात देतात. आणि तुमच्या दोघांचं लग्न झाल्याचा कागद आहे का?"

"लग्न झालंय, ते पुरत नाही?"

"तुम्हाला पुरतं. त्यांना नाही."

व्हिसाची कामं करणारी राजनंदिनी नावाची मुलगी खराडीला बसते. कर्वेनगरहून खराडीला जाणं हाच मुळात परदेश प्रवास आहे. तिनेही तेच सांगितलं. "अंकल, मॅरेज सर्टिफिकेट असेल तर केस स्ट्राँग होते. टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल."

होऊन जाणं इतकं सोपं नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा नोंदणी वगैरे भानगड कुणाच्या डोक्यातही नव्हती. आता या वयात ते नोंदवायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी लग्नाचा फोटो मागितला. फोटोत हेमा समोर बघते आहे आणि मी, वाढपी जिलबी घेऊन चाललेला असल्यामुळे, बाजूला.

"हे नवरदेव कोण?"

"मी."

बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "यात केस आहेत."

"होते."

"लग्न लावणारे गुरुजी कुठायत? त्यांची सही लागेल."

"ते वारले."

"मग प्रतिज्ञापत्र आणा. आणि तीन साक्षीदार. लग्नाला हजर असलेले."

लग्नाला हजर असलेली माणसं एक तर वारली होती किंवा बोलत नव्हती. शेवटी माझा एक मावसभाऊ, हेमाची एक मैत्रीण आणि भांडण विसरून आलेले एक साडू यांच्यावर काम भागलं. सही करताना साडू म्हणाले, "तेव्हाच विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो." हेमा हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग बोटांचे ठसे. हेमाचे ठसे एका क्षणात उमटले. माझे उमटेनात. दहाही बोटं पुसून झाली, दाबून झाली. मशीनच्या मते मी नव्हतोच. "पुन्हा या," म्हणाले. बापूरावांनी सल्ला दिला, रात्री बोटांना तूप चोळून झोपा. मी झोपलो. दुसऱ्या खेपेला मशीनची काच अशी तुपकट झाली, की माझ्या मागच्या सबंध रांगेने माझ्याकडे रोखून पाहिलं. कसेबसे ठसे गेले.

हेमाचा व्हिसा आला. माझा येईना. बॅगा भरून झाल्या, तिच्या वजनदार आणि माझी तात्पुरती. विमान दुसऱ्या दिवशी, आणि माझा पासपोर्ट कुठे आहे ते राजनंदिनीलाही सांगता येईना. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा माझा आलाच नाही तर?"

"तर मी एकटी जाईन," हेमा म्हणाली आणि चटणीच्या पुडीला दोरा बांधू लागली.

दुपारी कुरियरवाला आला. पासपोर्ट हातात घेताना आनंद व्हायला हवा होता. पण कानात 'एकटी जाईन' तेवढंच घुमत होतं.

*

क्लबचे अध्यक्ष भीमराव वाघमारे, निवृत्त उपजिल्हाधिकारी, अत्यंत शांत गृहस्थ, आधीच ईस्टबोर्नला पोचले होते. आम्ही वाटेत लंडनला थांबलो, थोडं बघून घ्यावं म्हणून. हेमाला एकच गोष्ट बघायची होती, ग्रीनिच. "जन्मभर मुलांना शून्य रेखावृत्त शिकवलं. त्या रेघेवर एकदा उभी राहीन, एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. बाकी तुम्ही न्याल तिथे येते."

मी आधी राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा ठेवला. पहाटे उठून, कठड्याला चिकटून जागा पकडली. हळूहळू दुपार झाली. घोडा नाही, बँड नाही. शेवटी एका पोलिसाने येऊन सांगितलं, आज सोहळा नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी सोहळा झाला. लांबून टोप्या दिसल्या. ग्रीनिच राहिलं.

आणखी एक निर्णय माझाच होता. तिकडचं सिमकार्ड एकच घेतलं, हेमाच्या फोनसाठी. दोन माणसं एकत्रच असणार, मग दोन फोन कशाला? ते कार्ड विकणारा मुलगाही म्हणाला होता, "आर यू शुअर, सर?" मी शुअर होतो.

भाषणाच्या दिवशी सकाळी आम्ही व्हिक्टोरिया स्टेशनवर ईस्टबोर्नची गाडी पकडली. भाषण दुपारी तीनला. वेळ भरपूर होता. हेमा खिडकीशी बसून पुटपुटत भाषण म्हणत होती. मूळ भाषण मी लिहून दिलं होतं, 'इट इज विथ अ प्रोफाउंड सेन्स ऑफ प्रिव्हिलेज' अशी सुरुवात करून. तिने ते सगळं छाटून अगदी साधं केलं होतं. त्याचंही मी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ती 'व्हेइकल' हा शब्द पुन:पुन्हा 'व्हेहिकल' म्हणत होती.

"'ह' म्हणायचा नाही," मी म्हणालो.

"बरं."

ती पुन्हा 'व्हेहिकल' म्हणाली.

"अगं, तिथे सगळे साहेब असणार. हसतील."

तिने कागद खाली ठेवला. "अहो, गेले दोन महिने तुम्ही माझ्या 'ह'च्या मागे लागलाय. दोन दिवस मी तुमच्या घोड्यांच्या मागे उभी राहिले. मला एक रेघ बघायची होती, तीही झाली नाही. आता ईस्टबोर्न येईपर्यंत कृपा करून गप्प बसता?"

समोरचा एक इंग्रज वर्तमानपत्रातून डोळे वर करून पाहत होता. त्याला मराठी कळत नसणार, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो.

"मी दुसरीकडे बसतो," मी म्हणालो.

"बसा."

मी खांद्याला पिशवी लावली आणि निघालो. शेजारच्या डब्यात बसलो असतो तर चाललं असतं. पण अपमान मोठा असला की जास्त डबे ओलांडावे लागतात. मी मागे मागे चालत गेलो. जिथून ती उठून बघायला आली तरी मी चटकन सापडणार नाही, अशा डब्यात जाऊन बसलो.

गाडी हेवर्ड्स हीथ नावाच्या स्टेशनात थांबली. जरा जास्तच थांबली. वरून एक बाई काहीतरी सांगत होती. 'करेक्ट पार्ट ऑफ द ट्रेन' एवढे शब्द मला समजले. आपण बसलोय तो भाग व्यवस्थित आहे, असं मी मनाशी म्हटलं. एक हलकासा धक्का बसला. थोड्या वेळाने गाडी निघाली.

बाहेर हिरवी कुरणं, मेंढ्या. राग ओसरायला मेंढ्या फार उपयोगी पडतात. मला वाटू लागलं, आज तिचं भाषण आहे, आज तरी नको होतं. तिची मधुमेहाची गोळी जेवणाआधीची. ती माझ्याच पिशवीत होती. मी उठलो. मनाशी वाक्य तयार केलं: 'व्हेहिकल तर व्हेहिकल.' आणि पुढे पुढे चालत निघालो.

एक डबा, दुसरा डबा. मग दार उघडेना. दारापलीकडे ड्रायव्हर होता.

मी तिथेच उभा राहिलो. नंतर वाटलं, आपण उलट दिशेला आलो. म्हणून मागे गेलो, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. हेमा नाही. पुन्हा पुढे. पुन्हा तेच दार. ज्या डब्यात मी बायकोला सोडून आलो होतो, तो डबाच नव्हता.

एक म्हाताऱ्या बाई लोकर विणत बसल्या होत्या. बापूरावांचा सल्ला मी बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, "मॅडम, उरलेली गाडी कुठे आहे?"

त्यांनी सुया थांबवल्या. "ती ईस्टबोर्नला गेली. हेवर्ड्स हीथला गाडीचे दोन भाग होतात. हा भाग लिटलहॅम्प्टनला जातो."

"माझी पत्नी त्या भागात आहे."

"अरे देवा," अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हणाल्या.

पिशवीत काय काय आहे ते आठवायला लागलं: दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटं, तिच्या गोळ्या. तिच्याकडे फक्त भाषण आणि फोन. फोन! पण त्या नव्या सिमकार्डाचा नंबर मला पाठ नव्हता. पाठ होता तो पुण्याचा, आणि ते कार्ड, माझ्या बंद फोनसकट, लंडनच्या हॉटेलवर ठेवलेल्या बॅगेत. बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला, आणि मला नंबरच सांगता येईना.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. मी दोन तिकिटं दिली. त्याने ती बघितली, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"दुसरे प्रवासी?"

"दुसऱ्या भागात."

"आणि ही तिकिटं या मार्गाची नाहीत."

"मीही या मार्गाचा नाही हो," मी म्हणालो. ज्या माणसाने परीक्षा विभागात कुलगुरूंसमोर आवाज खाली येऊ दिला नव्हता, तो एका तपासनिसासमोर रडकुंडीला आला. तो भला होता. म्हणाला, होव्हला उतरा, तिथून ब्रायटन, ब्रायटनहून ईस्टबोर्न. त्याने माझ्या तिकिटावर काहीतरी खरडून सही केली.

त्या बाई माझ्यासोबत होव्हला उतरल्या, त्यांचं स्टेशन नसताना. मला ब्रायटनच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून ओरडल्या, "डोन्ट मूव्ह, डियर!" पुढचा सबंध प्रवास मी मुळीच हललो नाही. डोळ्यांसमोर एकच: हेमाला बिनतिकीट म्हणून पकडलंय, तिला घाम फुटलाय, साखर उतरलीय, आणि ती त्यांना इंग्रजीत सांगते आहे की माझे मिस्टर येतील. मग मी स्वतःची समजूत घालायचो. छे, हेमा खंबीर आहे. 'एकटी जाईन' म्हणाली होती ती. ती सरळ सभागृहात गेली असणार. तिला भाषण महत्त्वाचं. मी तिथेच गेलं पाहिजे.

ईस्टबोर्नला उतरून मी धावलो. किती वर्षांनी धावलो ते विचारू नका. दारात एका स्वयंसेविकेने मला थांबवून माझ्या गळ्यात पिवळी पट्टी अडकवली. तिच्यावर छापलं होतं: 'हेमा यांचे पाहुणे'.

भीमराव दालनाबाहेरच येरझारा घालत होते. हा माणूस येरझारा घालताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"गानूसाहेब! आलात! हेमाताई कुठायत?"

"आत नाहीत?"

"नाहीत. पुढचं नाव त्यांचंच आहे."

"भीमराव, तुमचा फोन. फोन बघा."

त्यांनी खिशातून फोन काढला. सभागृहात असल्यामुळे त्यांनी आवाज बंद ठेवला होता. पडद्यावर हेमाच्या न घेतलेल्या कॉल्सची रांग लागली होती. भीमरावांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"भीमराव?" हेमाचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पातळ, थरथरणारा. "भीमराव, हे हरवलेत हो. मी स्टेशनवर सगळ्यांना सांगितलंय, ते माइकवरून नाव पुकारतायत. तुमच्याकडे काही कळलं का?"

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"कुठे आहात?"

"ईस्टबोर्नला. सभागृहात. तू?"

"हेवर्ड्स हीथला."

"तिथे काय करते आहेस?"

"काय करते आहे? गाडी तुटली कळल्यावर पुढच्या स्टेशनला उतरले आणि उलट आले. म्हटलं, तुम्ही परत इथेच याल मला शोधायला."

"मला वाटलं, तू भाषणाला गेली असशील."

"तुम्हाला तसं वाटलं?"

खरं उत्तर 'हो' होतं.

"गोळी घेतली नसशील," मी म्हणालो.

"इथल्या बाईंनी बिस्किटं दिली. चहा दिला. बरी आहे." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "बसच्या पाट्या शिकवायच्या वर्गात आधी तुम्हालाच बसवायला हवं होतं."

आतून टाळ्या ऐकू आल्या. आधीच्या वक्त्याचं भाषण संपलं होतं. भीमराव फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, तुमची गाडी येईपर्यंत सत्र संपेल. गानूसाहेबांना वाचू दे का?"

मी फोन कानाला लावलेलाच होता. दोन महिने तिने त्या दहा मिनिटांसाठी रोज रात्री आरशासमोर उभं राहून तयारी केली होती. आणि ती आता एका अनोळखी फलाटावर बाकावर बसली होती, कारण मला कुठल्या तरी डब्यात जाऊन रुसायचं होतं.

"हं," ती म्हणाली. "त्यांना वाचू दे."

"मी वाचणार नाही," मी म्हणालो. "कागद आहे ना हातात? चष्मा लाव. फोन ठेवू नकोस."

मला ठाऊक आहे, मी काही मोठा शूर माणूस नाही. पण त्या क्षणी मी भीमरावांचा फोन हातात धरून सरळ मंचावर गेलो. समोर निरनिराळ्या देशांचे झेंडे आणि माणसंच माणसं. निवेदक माझ्या पिवळ्या पट्टीकडे बघून गोंधळला. मी माइकपाशी गेलो. माझं सगळं इंग्रजी कुठे पळालं कोण जाणे. प्रोफाउंड नाही, प्रिव्हिलेज नाही. मी म्हणालो, "माय वाइफ इज द स्पीकर. आय गॉट लॉस्ट. शी वेंट बॅक टू फाइंड मी. सो शी इज ॲट द रेल्वे स्टेशन. प्लीज लिसन टू हर."

हशा पिकला. मला तो आज पहिल्यांदाच लागला नाही. मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो माइकसमोर धरला.

हेमा बोलू लागली. आधी जरा चाचरत, मग वर्गात बोलते तशी. तिने सुंदराबाईंची गोष्ट सांगितली, ज्या पूर्वी रोज दुसऱ्यांना विचारून बस पकडायच्या आणि आता दुसऱ्यांना सांगतात. मध्येच हेवर्ड्स हीथच्या फलाटावर घोषणा झाली, की प्रवाशांनी आपण गाडीच्या योग्य भागात बसल्याची खात्री करावी. सभागृह इतकं हसलं, की हेमा थांबली. "काय झालं?" तिने मराठीत विचारलं.

"काही नाही. बोल," मी म्हणालो.

'व्हेहिकल' ती तीनदा म्हणाली. कुणी हसलं नाही. माझा दंड अवघडला, मग थरथरायला लागला. निवेदकाने फोन घेऊ का म्हणून हात पुढे केला. मी दिला नाही.

तिची गाडी संध्याकाळी आली. मी फलाटावर आधीपासून उभा होतो. भीमराव म्हणाले होते, आपण कारने आणू, टॅक्सीने आणू. मी म्हटलं, नको, मी जातो आणि तिथून हलत नाही. ती उतरली. साडीला चुण्या पडल्या होत्या, हातात भाषणाचा कागद गुंडाळी करून धरलेला. मी आधी गोळी आणि पाणी पुढे केलं. तिने घेतलं.

"टाळ्या झाल्या का? मला नीट ऐकू आलं नाही."

"झाल्या."

"खूप?"

"लोक उभे राहिले होते."

"उगाच सांगू नका."

"भीमरावांना विचार."

ती थोडी हसली. मग स्टेशनच्या बाहेर बघत म्हणाली, "चला." आणि तिने माझा हात धरला. कर्वेनगरात आम्ही जन्मात असे चाललो नव्हतो. मी हाताकडे बघितलं, तशी ती म्हणाली, "गैरसमज नको. हरवता तुम्ही, म्हणून."

"बरं," मी म्हणालो.

समुद्राकाठचा रस्ता सरळ होता. वारा गार होता. आमचं इथलं हॉटेल लांबूनच दिसायला लागलं, पाटीसकट, चुकण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्याच्या दारापाशी पोचलो, आणि ती माझा हात न सोडता तशीच पुढे चालत राहिली.